फाल्गुनात टोकलेला घेवडा

बुधवार, ८ मार्च २०००

आत्याबाई दौंडला गेल्या. नणंदेला दिवस गेलेत आणि डॉक्टरांनी तिला जागचं हलू नको म्हणून सांगितलंय. त्यामुळे बाळंतपण माहेरी तळेगावला न होता तिकडे रेल्वे कॉलनीतच होणार. सासूबाई म्हणजे आत्या आता दिवाळीच्या तोंडावरच परततील. जाताना कपाटाची किल्ली त्यांनी ह्यांच्याकडे दिली आणि परडं माझ्याकडे. परडं म्हणजे घरामागची एवढीशी जागा. मोरीच्या पाण्यावर माजलेला गवती चहा, ओव्याचं झाड, वांग्याचा वाफा, आणि बाकी नुसती तापलेली माती. पण सासूनं सुनेच्या हाती काही दिलं, त्यातच मी हुरळले.

राखेच्या मडक्यात घेवड्याचं बी आहे. आत्यांचं माहेर मेंढरांमागं फिरणारं. लग्नानंतर आत्या इथं घर बांधून राहिल्या तेव्हा त्यांच्या आईनं हे बी पदरात घातलं होतं. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात वांग्याचं भरीत सगळीकडेच असतं, पण आमच्याकडे त्याच्याशेजारी ह्या घेवड्याची भाजी लागते. विकतची चालत नाही. आत्या बजावून गेल्या होत्या, ज्येष्ठात टोक म्हणून.

मी आजच टोकलं. मला वाटलं, त्या येतील तेव्हा मांडव शेंगांनी लगडलेला दाखवू. आणि खरं कारण लिहायचं तर, माझी पाळी लांबली होती. लग्नाला तिसरं वर्ष लागलंय. अशा बाईच्या हातचं बी जोमानं येतं असं माझी आई म्हणायची. सकाळपासून मी गाणं गुणगुणत होते. मडक्यातलं किडलेलं बी निवडून टाकलं, चांगलं मूठभर राहिलं, ते सगळंच घेऊन बसले.

निम्मं टोकून झालं आणि पोटात कळ आली. कळलं मला काय ते. उठायला हवं होतं. ह्या घरात कावळा शिवलेली बाई वेलाला हात लावत नाही, बाजूला बसते. मी उठले नाही. उरलेलं बीही तसंच मातीत खुपसलं, रागानं. कुणावरचा राग ते माहीत नाही. मग मोरीत जाऊन रडले आणि आंघोळ केली.

हे लिहितानासुद्धा दाराकडे बघते आहे.


मंगळवार, २१ मार्च

घेवडा उगवला. सगळाच्या सगळा. मेथी मात्र दोन पानांवर करपली आणि कोथिंबीर तर वरच आली नाही. शेजारच्या सरदारबी चाची भिंतीवरून बघून हसल्या. धणे तसेच अख्खे टाकलेस का, जरा रगडायचे, आणि एवढ्या उन्हात पेरायचं तर वर सावली तरी करायची, असं म्हणाल्या. मी म्हटलं, तुमच्या मैनेला बांधा आधी, तिचा डोळा आहे माझ्या वाफ्यावर. मैना म्हणजे त्यांची शेळी. चाची तिच्याशी सुनेशी बोलल्यासारखं बोलतात, आणि माझ्याशी शेळीशी बोलल्यासारखं.

ह्यांना वेल दाखवला. हे फार बोलणारे नाहीत. आत्या ज्येष्ठ म्हणाल्या होत्या ना, एवढंच विचारलं. मी म्हटलं, लवकर लावला की लवकर येईल. संध्याकाळी बाभळीच्या मेढी आणून त्यांनी मांडव घातला.


२ मे

वेल मांडवावर चढून पलीकडे लोंबायला लागला. पानं तळहाताएवढी. एवढ्या उन्हात हिरवंगार परडं आख्ख्या आळीत आमचंच. लोक थांबून बघतात. मी तोंड भरून हसते आणि आत येऊन पाणी पिते. फूल एकही नाही.

मधल्या दिवसांत बाजूला बसले होते तेव्हा वेलाला पाणी कोण घालणार हा प्रश्न होता. ह्यांना स्वयंपाक करावा लागतो तेवढ्यानंच मला लाज वाटते. पण सकाळी बघते तर आळं ओलं होतं. ह्यांनीच घातलं होतं, न सांगता. त्यांना माझ्या हाताचा संशय आला असेल का? विचारायची हिंमत झाली नाही.


रविवार, ११ जून

आज कुशाबाई आल्या होत्या. ह्यांच्या चुलती. चहा घेऊन परड्यात गेल्या, मांडवाखाली उभं राहून वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत.

"नुसताच पाला गं," म्हणाल्या. "खातंय पितंय, आन् पदरात काय न्हाई."

मी चहाची कपबशी उचलली. घाईत बशी खळकन वाजली. त्यांनी ते ऐकलं असणार. जाताना दारात म्हणाल्या की असा वेल त्यांच्या माहेरी कुणी ठेवत नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. वेलाबद्दल बोलल्या असतील तर मी उगाच रडले, पण वेलाबद्दल नव्हत्याच बोलल्या.


बुधवार, १९ जुलै

पाऊस बरा आहे. दोडका, भेंडी वेळेवर टोकली, ती सरळ येताहेत. वांग्याची रोपंही धरली. माझ्या हाताला सगळंच वाईट येतं असं नाही, एवढं तरी दिसलं. फक्त घेवडाच. म्हणजे दोष त्या दिवसाचाच.

वेलाला ताक घातलं, राख घातली. दृष्ट काढली. मांडवाला जुनी चप्पल टांगली. माझे दिवस जवळ आले की मी आता परड्याकडे बघतसुद्धा नाही, दार लावून घेते.

सरदारबी चाचींनी विचारलं, काय झालं, परड्याशी भांडलीस का? मी म्हटलं, बघा ना चाची, वांझ निघाला मेला. त्या म्हणाल्या, "येडी का काय तू? अजून दिवस मोठं हायेत. दिवाळीच्या अंगाला ह्याला फूल येतंय. दर सालचंच हाय."

मला बरं वाटावं म्हणून बोलतात बिचाऱ्या. दर साल वेल ज्येष्ठात लागतो. हा तर शिमग्याच्या आधीचा आहे, ह्याला कधीच यायला हवं होतं. आणि कुठल्या हातांनी टोकलाय ते त्यांना कुठं ठाऊक आहे.


शनिवार, २९ जुलै

नणंदेला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. एसटी स्टँडजवळच्या फोनवाल्याकडे आत्यांचा फोन आला, निरोप मिळाला तशी धावत गेले. बाळाचं सगळं सांगून झाल्यावर त्यांनी घेवड्याचं विचारलं. मी म्हटलं, वेल झकास आहे, फूल अजून नाही.

"कवा टोकलास?"

"ज्येष्ठात," मी म्हटलं.

मग म्हणाल्या, "बरं. थंडी पडू दे. मग बघू."

घरी येईपर्यंत ते 'मग बघू' डोक्यात घोळत राहिलं. मग काय बघणार? कुशाबाईंनी त्यांना काही कळवलंय का? ह्यांच्यासाठी दुसरी बघायचं तर घाटत नाही ना? आत्या फोन ठेवताना हसल्यासारख्या वाटल्या, तेही आता खटकतंय.

ज्येष्ठात म्हणाले. एवढ्या सहज खोटं बोलले की माझं मलाच नवल वाटलं.


६ सप्टेंबर

गौरी जेवल्या. कुशाबाई ओटीवर बसून ह्यांच्याशी काहीतरी हळू बोलत होत्या. मी आत पुरणाला चटका देत होते. मला एवढंच ऐकू आलं, "अजून वय गेलं न्हाई तुजं, बिरदेव." हे उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळानं आले, तेव्हा हातात नवी सुतळी होती. मांडवाची एक मेढ कलली होती, ती बांधत बसले.

एक शब्द तरी बोलायचा माझ्या बाजूनं. मेढ काय उद्या बांधली नसती?


रविवार, ८ ऑक्टोबर

काल दसरा झाला. घटातलं धान वीतभर आलं होतं, सगळ्यांच्या टोपीत तुरे. मेथी पेरली, धणे रगडून टाकले, लसणाच्या पाकळ्या लावल्या. आता ऊन उतरलंय, हे सगळं येईल. पाटसला साखर कारखान्याचं बॉयलर पेटायची वेळ झाली, हे येत्या आठवड्यात सीझनच्या कामावर जातील आणि दिवाळीला एक दिवस येतील. आत्यांना घेऊन येतील तेही तेव्हाच.

म्हणजे आत्या येणार, मांडव बघणार, आणि कुशाबाई शेजारी उभ्या असणार. चंपाषष्ठीला देवापुढं घेवडा नसणार. का नाही म्हणून विचारतील. आत्यांच्या नजरेपुढं मला खोटं टिकवता येणार नाही. पोटातलं सगळं बाहेर पडेल.


शुक्रवार, २० ऑक्टोबर

आज मी काय केलं ते लिहिते. लिहिलं नाही तर उद्या माझ्याच खोट्यावर माझा विश्वास बसेल.

हे पाटसला गेलेत. सकाळी आळीत कुणी नव्हतं. मी विळा घेतला आणि घेवडा बुडाशी कापला. खोड मनगटाएवढं झालं होतं, एका घावात तुटलं नाही. मग भिंतीकडचं फाटक उघडं टाकलं. मैना नेहमीसारखी दावं ओढत उभी होती. मी दावं सोडलं. ती आली आणि खालची पानं ओरबाडायला लागली. तेवढ्यात मी ओरडले, अगं बाई, शेळी शिरली, शेळी शिरली.

चाची धावत आल्या. पीठ माखलेले हात तसेच. मैनेला त्यांनी अशी काठी घातली की ती गुडघ्यांवर बसली. कुशाबाईही आल्या, त्यांना बोलवावं लागत नाही. देवाचा वेल खाल्ला म्हणून त्यांनी आळी गोळा केली. चाची खाली बघत उभ्या होत्या. मला फक्त रडता येत होतं, आणि लोकांना वाटलं वेलासाठी रडते.

दुपारी सुकलेला वेल मांडवावरून ओढत होते. पानं मलूल झाली तसं आतलं दिसायला लागलं. पानांच्या बेचक्यांत बारीक बारीक तुरे होते. जांभळट, ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या. एका जागी नाही, सगळीकडे.

मी ते हातात घेऊन मांडवाखाली बसून राहिले. त्यानं मला क्षमा केली होती आणि मीच त्याला मारलं.


सोमवार, ३० ऑक्टोबर

दिवाळी झाली. आत्या आल्या आहेत, हे दुसऱ्या दिवशीच कामावर परतले. घरात शिरायच्या आधीच कुशाबाईंनी आत्यांना रस्त्यात शेळीचं सांगितलं होतं. आत्या परड्यात गेल्या. उकिडव्या बसून बुडख्यावर बोट फिरवलं. मी दारात उभी होते. त्या उठल्या, पदराला बोट पुसलं आणि म्हणाल्या, ह्याला पाणी बंद करू नकोस. बास.

मैना गेली. चाचींच्या नवऱ्यानं, बाबुलाल चाचांनी, बाजारात नेऊन विकली. आळीत रोज टोमणे कोण ऐकणार, त्यात देवाचं नाव निघालेलं. आत्या म्हणाल्या, मला विचारायचं तरी होतं बाबुलालनं. चाची दिवाळीचा फराळ घ्यायला आल्या नाहीत. मी ताट नेऊन दिलं तर त्यांनी ते घेतलं, लाडू छान झालेत म्हणाल्या. दाव्याची खुंटी भिंतीशी तशीच आहे. बोलताना माझं लक्ष सारखं तिकडंच जात होतं.

बुडख्यातून कोंब फुटलेत.


चंपाषष्ठी

आज सकाळी पाटावर नैवेद्य वाढला. भरीत, रोडगा, कांद्याची पात. वांगी परड्यातलीच, चांगली टपोरी निघाली. भरिताशेजारची जागा आत्यांनी मोकळीच ठेवली. दुसरं काही ठेवून ती झाकली असती तरी चाललं असतं, पण नाही ठेवलं. तळी उचलली, भंडारा उधळला, आणि ती मोकळी जागा बघून माझ्या तोंडून हुंदका बाहेर पडला.

कारखान्यावरून सणापुरते आलेले हे येळकोट म्हणत होते, ते थांबले. आत्यांनी त्यांना प्रसाद वाटायला बाहेर पाठवलं आणि मला चुलीपुढं बसवलं. मी सगळं सांगितलं. फाल्गुन, पाळी लांबलेली, मग आलेली, तरी टोकलेलं बी. त्या हातांनी वेल वांझ झाला म्हणाले. मला वाटलं, आता त्या उठून देवघर धुवायला सांगतील.

त्यांनी काटकी चुलीत सारली.

"मी हे बी पहिल्यांदा टोकलं तवा मला कावळाच शिवल्याला हुता," आत्या म्हणाल्या. "मेंढरामागं चालणारी बाई कुठं बाजूला बसती? मेंढरांचा वाडा हलला का ती बी हलायची, डोक्यावर बोचकं घिऊन. हे बसणं-बिसणं हितं घर बांधल्यावर आलं. शेजारच्या बाया बसायच्या, मग मी बी बसाया लागले. तुला बी बसवलं."

मी पदरानं नाक पुसलं.

"आन् घेवड्याला दिस आखूड लागत्यात. फागणात टोक न्हाईतर ज्येष्ठात, त्यो फुलणार दिवाळीलाच. फोनवर मला कळलं हुतं तू आधीच टोकलास ते. ज्येष्ठातला वेल एवढ्यात झकास कुठनं हुतोय? मला हसू आलं. म्हणलं, येऊ दे फूल, मग बघू तिचं तोंड."

मग बघू म्हणजे हे होतं. माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं असं लिहायला पाहिजे. उतरलंही. घटकाभर मी हलकी झाले, वेड्यासारखी हसलेसुद्धा. आत्या हसल्या नाहीत.

"ते इटाळाचं काय न्हाई, पोरी," त्या म्हणाल्या. "त्यात तुजा गुन्हाच न्हाई. पर शेळी खाती ती शेंड्याकडनं. बुडाला इळा लावत न्हाई."

त्यांना दिवाळीपासून माहीत होतं. तू सांगशील म्हणून थांबले, म्हणाल्या. सरदारबीनं आत्यांची बाळंतपणं केलीत, चाचींच्या घरात शेळी कधी आणि कशी आली तेही आत्यांना ठाऊक. मला वाटत होतं मी लाजेनं मरते आहे. आठ-नऊ महिने ज्याची लाज वाटून घेतली त्यात काहीच नव्हतं, आणि ज्याची वाटायला हवी होती ते मी तीच लाज झाकायला केलं.

दुपारी प्रसादाचं ताट घेऊन चाचींकडे गेले. त्यांचे रोजे चालू आहेत. ताट झाकून ठेवलं, संध्याकाळी रोजा सोडताना खाईन म्हणाल्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, वेल मी कापला, दावं मी सोडलं.

चाची तांदूळ निवडत होत्या. सुपावरचा हात थांबला नाही.

"मला म्हाईत हुतं," म्हणाल्या. "दाव्याची गाठ मी घालती. ती मैनेच्या बापाला सुटत न्हाई."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"तुज्या तोंडाकडं बघितलं. म्हणलं, ह्या पोरीला काय तरी झालंय. आज सांगंल, उद्या सांगंल. तवर ह्यांनी शेळी नेली." त्यांनी सुपातला खडा वेचून बाहेर टाकला. "आता जा घरी. ताट न्यायला येऊ नगंस, मी हाक मारीन तवा ये."


शनिवार, २३ डिसेंबर

हाक आली नाही. ताट शाकीरच्या हाती आलं, त्यांच्या नातवाच्या. घासूनपुसून, त्यात मूठभर खजूर.

कुशाबाई आल्या होत्या. शेळीचा विषय त्यांनीच काढला. मी आत्यांसमोर, आळीतल्या दोन बायांसमोर म्हटलं की शेळीनं काही खाल्लं नाही, वेल मी कापला होता. कुशाबाई चहा न घेताच उठल्या, त्यांच्या बाबतीत असं पहिल्यांदाच घडलं असेल. बातमी पोचवायचं काम मात्र त्या चोख करतील, आळीच्या टोकापर्यंत. करू देत. ह्या वेळी खरी आहे.

हे कारखान्यावरून पुन्हा आले तेव्हा त्यांनाही सांगितलं. गौरीच्या दिवशी कुशाबाईंना काहीच का बोलला नाहीत, तेही विचारलं. म्हणाले, तिथं बोललो असतो तर शिवी निघाली असती तोंडातून, म्हणून सुतळी आणायला गेलो. आणि वेलाला पाणी का घालायचात? तुझं पोट दुखायचं म्हणून. आता ह्या माणसाला काय म्हणायचं.


फेब्रुवारी २००१, महाशिवरात्रीनंतर

बुडख्यावरचा घेवडा पौषात फुलला आणि शेंगांनी भरला. भाजीला एकही तोडली नाही, सगळ्या बियाण्याला ठेवल्या. आज वाळलेल्या शेंगा फोडल्या. मला कालपासून पाळी आहे. आत्यांनीच सूप माझ्यापुढं सरकवलं आणि काही न बोलता दळण आणायला निघून गेल्या.

बी गेल्या सालच्या दुप्पट निघालं. अर्धं राखेत घातलं. अर्धं फडक्यात बांधलं आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. खुंटीपाशी आता चाचींनी पुदिना लावलाय. त्या पाणी घालत होत्या. हाक मारायची वाट न बघता मी भिंतीवरून फडकं पुढं केलं.

त्यांनी हात धुतले, फडकं सोडलं, बी तळहातावर घेऊन उन्हात बघितलं.

"कवा टोकायचं?" त्यांनी विचारलं. त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

"ज्येष्ठात," मी म्हटलं.

त्यांनी फडक्याला गाठ मारली, चांगली घट्ट.

"टोकती. पर शेळीनं खाल्ला म्हंजी?"

त्या हसल्या नाहीत. मीही नाही. त्यांनी बी कमरेला खोचलं आणि पुदिन्याला पाणी घालायला वळल्या.